कोॲक्स कनेक्टर डिझाइन करताना आधी जोडणाऱ्याचा विचार करा

कोॲक्स कनेक्टरचं (मधे तार, भोवती इन्सुलेशन आणि त्यावर धातूची जाळी अशा केबलच्या टोकाला बसणाऱ्या जोडाचं) तुमचं ड्रॉइंग बघितलं. ५० ओहम इम्पीडन्सचं (सिग्नलला जाणवणाऱ्या विरोधाचं) गणित जमलंय: पिन आणि बॉडीच्या मधे टेफ्लॉन असेल तर बॉडीचा आतला व्यास पिनच्या व्यासाच्या साधारण ३.३५ पट, नुसती हवा असेल तर २.३ पट. सुरुवातीला एवढं पुरे, बाकीचं बारीक ट्यूनिंग नंतर बघू.

घोळ आहे तो सुट्या भागांचा. नट, वॉशर, गॅस्केट, क्लॅम्प, पिन, बॉडी असे सहा तुकडे जोडणाऱ्याच्या हातात दिलेत. यातला नट केबलवर आधी ओवायचा राहतो आणि पिन सोल्डर झाल्यावर आठवतो. मग सगळं कापून पुन्हा. नट बॉडीतच अडकवून ठेवा, वॉशर-गॅस्केट आधीच आत बसवून द्या. बाहेर पिन आणि क्रिंपची (पकडीने दाबून घट्ट बसवायची) नळी एवढंच राहिलं तर उत्तम.

नवीन माणसं हमखास चुकतात ती ठिकाणं:

- पिनला बाजूने छोटं भोक नसणं. तार शेवटपर्यंत पोचली का, सोल्डर आत गेलं का, हे त्यातूनच दिसतं.
- जाळी आणि इन्सुलेशन सोलायची मापं विचित्र ठेवणं. बाजारातल्या स्ट्रिपरवर जमतील अशीच घ्या.
- पॉलिथिनच्या केबलला सोल्डर पिन देणं. जास्त वेळ डाग दिला की इन्सुलेशन मऊ पडतं आणि तार मध्यावरून बाजूला सरकते. तिथे क्रिंप बरी.

जाळीची एक तार पिनला टेकली की शॉर्ट. त्यामुळे जाळी बसते तिथे उतरती कड द्या, तारा आपोआप बाहेर पसरतात.

पहिला नमुना दुसऱ्या कुणाला तरी न सांगता जोडायला द्या आणि गप्प बसून बघा.