ग्रँटला 'वाईट राष्ट्राध्यक्ष' कोणी ठरवलं?

तुमचा प्रश्न असा की, अमेरिकेचा युलिसिस ग्रँट सेनापती म्हणून थोर, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून (१८६९ ते १८७७) भ्रष्ट आणि निकामी, हे कितपत खरं?

भ्रष्टाचार झाला, आणि थेट त्याच्या कचेरीपर्यंत पोचला. दारूवरचा कर बुडवणाऱ्या टोळीच्या प्रकरणात खासगी सचिव बॅबकॉक अडकला, तर ग्रँटने त्याच्याच बाजूने साक्ष दिली. युद्धमंत्री बेलनॅपला १८७६ मध्ये लाचेपायी पद सोडावं लागलं. ग्रँटने स्वतः पैसे खाल्ल्याचा पुरावा नाही. माणसं पारखण्यात मात्र तो कच्चा होता, आणि एकदा आपलं म्हटलेल्याला सोडायचा नाही.

पण एवढ्यावर निकाल लावायचा, तर १८७१ च्या दक्षिण कॅरोलायनाचं काय करायचं? उत्तर आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिण यांच्यातली यादवी संपून सहा वर्षं झालेली. कृष्णवर्णीय पुरुषांना १५ व्या घटनादुरुस्तीने नुकतंच मताधिकाराचं संरक्षण मिळालं होतं. त्यांनी मत देऊ नये म्हणून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेचे लोक तोंड झाकून रात्री घरात घुसत, फटके मारत, मुडदे पाडत. स्थानिक शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, एकतर त्यांच्यातला, नाहीतर त्यांना टरकून असलेला. ग्रँटने काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, कडक कायदा करून घेतला. ऑक्टोबरमध्ये नऊ काउंटींत हेबियस कॉर्पस (अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क) स्थगित केलं आणि सैन्य धाडलं. शेकडो पकडले गेले, बरेच पळाले. खटले चालवणारं न्याय खातं जेमतेम वर्षभराचं, आणि त्याचा प्रमुख एमॉस एकरमन एकेकाळी दक्षिणेच्याच फौजेतला! पहिली क्लॅन मोडली ती या कारवाईने.

मग नाव खराब का झालं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी या काळाचा जो इतिहास लिहिला, त्यात कृष्णवर्णीयांना मताधिकार देणं हीच घोडचूक होती. साहजिकच ग्रँटचं सर्वांत चांगलं काम त्याच्या गुन्ह्यांत जमा झालं. नागरी हक्क चळवळीनंतर इतिहासकारांनी दप्तर पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे मत पालटू लागलं.

म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नका. १८७३ च्या मंदीनंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा उत्तरेचा उत्साह आटला, तसा त्याचाही. १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने सैन्य मागितलं, त्याने दिलं नाही. आणि ब्लॅक हिल्स! १८६८ च्या तहाने तो डोंगराळ प्रदेश लाकोटा या मूळनिवासी जमातीचा. तिथे सोनं सापडल्यावर खाणवाले घुसले आणि ग्रँटच्या सरकारने त्यांना अडवणं सोडून दिलं. माझ्या मते हा डाग बॅबकॉक प्रकरणापेक्षा कितीतरी काळा.

वारसा म्हणाल, तर त्या १८७१ च्या कायद्यातलं एक कलम अजून जिवंत आहे. राज्याच्या पोलिसाने किंवा अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क मोडला, तर अमेरिकन नागरिक आजही त्याच कलमाखाली दावा लावतात.