क्रीडाचित्रपट पाहून खेळाचं मानसशास्त्र शिकता येतं का?

येतं, पण भाषणांतून कमीच. महिला हॉकी संघावरचा ‘चक दे! इंडिया’ (२००७) घ्या. सगळ्यांना त्यातलं ‘सत्तर मिनिटं’वालं भाषण पाठ असतं (तेव्हा हॉकीचा सामना ३५-३५ मिनिटांच्या दोन सत्रांचा होता). ऐकताना अंगावर काटा येतो, कबूल. पण तो जोश मैदानात फार टिकत नाही. मला ओळख करून देण्याचा प्रसंग मोलाचा वाटतो. मुली आपापल्या राज्याचं नाव सांगतात आणि प्रशिक्षक कबीर खान ते खपवून घेत नाही. ‘मी’चं ‘आम्ही’ तिथून सुरू होतं. संघातल्या कोमल आणि प्रीतीचं तर शेवटपर्यंत फारसं जमत नाही, तरी पास दिला जातो. संघभावनेला मैत्री लागतेच असं नाही! तुम्ही प्रशिक्षक असाल तर गोलांइतकेच पासही मोजून बघा.