इंजिन खोलण्याआधी नोटीस पाठवा

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी जुन्या मोटारसायकलींची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यावसायिकाकडून १९७२ ची बुलेट ३५० घेतली. 'इंजिन नुकतंच बांधलंय, बोअर-पिस्टन नवीन' असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. पावतीवर मात्र 'गाडी जशी आहे तशी घेतली' असा शिक्का आहे. जेमतेम ४०० किलोमीटर झाले आणि गाडी निळा धूर मारतेय, किक मारून दम जातो, चढावर इंजिनातून जड ठोका येतो. मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणतोय. विक्रेता फोन घेत नाही. आरसी अजून जुन्याच मालकाच्या नावावर आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर: मिळू शकतात, पण मेकॅनिकला आज हात लावू देऊ नका. तुमचा सगळा पुरावा त्या इंजिनाच्या आत आहे. एकदा हेड (सिलिंडरचं झाकण) उतरलं, सिलिंडर बोअरिंगला (आतून कातून घ्यायला) गेला, की विक्रेता म्हणणार, 'मी दिलं तेव्हा ठीक होतं, तुमच्या माणसाने बिघडवलं.' वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही तुम्ही वस्तूवर केलंत, किंवा नाकारल्याचं न कळवता ती वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतलीत, तर तुम्ही ती स्वीकारली असं धरतात. मग कलम १३ आडवं येतं: वस्तू परत करण्याचा हक्क सहसा जातो, उरते फक्त नुकसानभरपाई. गाडी आजपासून रस्त्यावर चालवूही नका. ठोका येत असताना चालवलीत, तर पुढच्या नुकसानीचा वाटा तुमच्या गळ्यात पडेल.

'जशी आहे तशी' या शिक्क्याला घाबरू नका, पण त्याला कमीही लेखू नका. वस्तू विक्री अधिनियमाच्याच कलम ६२ प्रमाणे कायद्याने गृहीत धरलेल्या अटी कराराने वगळता येतात. पन्नास वर्षांच्या यंत्रात थोडा तेलगळ, थंड इंजिनाचा खडखडाट, सैल झालेली केबल यांवर तुम्हाला भांडता येणार नाही. मात्र 'बोअर-पिस्टन नवीन' हे स्पष्ट विधान आहे आणि ते जाणूनबुजून खोटं केलेलं असेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खाली कपट ठरतं. शिक्का कपटाला झाकत नाही. विक्रेता नुसता गप्प राहिला असता, तर 'नीट तपासून घ्यायचं होतं' हा बचाव कलम १९ ने त्याला दिला असता. धडधडीत खोटं सांगणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून तो व्हॉट्सॲप संदेश तुमच्या दाव्याचा कणा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

आता सिद्ध करायचं एवढंच, की बिघाड त्या विधानाला खोटं पाडतो. त्यासाठी इंजिन न खोलता बरंच कळतं. तपासणारा माणूस दुरुस्तीचं काम मिळण्याची आशा नसलेला असावा. ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा परवानाधारक वाहन सर्व्हेअर उत्तम. त्याचा सहीनिशी अहवाल घ्या.

आधी धूर. या बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या पेटीतच) असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल झिरपून क्रँकच्या बाजूला साचतं आणि चालू केल्यावर काही मिनिटं ढगासारखा धूर निघतो, मग विरतो. यात कपट नाही, कोर्टात हे मांडलंत तर हसू होईल. इंजिन गरम झाल्यावरही, रेस दिल्यावर लोडवर निळा धूर येत राहिला, तर संशय पिस्टनच्या रिंगा आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या पोकळीवर). उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावरच धूर आला असेल, तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यावर). प्लग काढून फोटो घ्या: कोरडी काजळी म्हणजे कार्ब्युरेटरचं मिश्रण जास्त, ओलं तेलकट काळं म्हणजे तेल जळतंय.

किक लागत नाही, याची अर्धी कारणं किरकोळ असतात आणि ती आधी बाद करा, नाहीतर विक्रेत्याचा वकील करेल. पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचं) अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का, ठिणगीचं टायमिंग बरोबर आहे का, डीकॉम्प्रेसरची (किक हलकी करायला सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या यंत्रणेची) केबल ताणलेली तर नाही? केबलला ढील नसेल तर त्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पळतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर बघा: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटाने फिरावा, पण वर-खाली हलू नये.

मग कॉम्प्रेशन. गरम इंजिन, प्लगच्या जागी गेज, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा किका. आकडा लिहा. आता प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओता आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगा-बोअरमधून आहे, न हलला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून. नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनात ४०० किलोमीटरवर पहिला प्रकार दिसायला नको, आणि ही एकच चाचणी तुमच्या दाव्याला सर्वांत मोठा आधार देईल. दोन्ही वेळा गेज, नंबर प्लेट आणि इंजिन नंबर एकाच सलग व्हिडिओत यायला हवेत. इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. तो जुळत नसेल तर प्रकरण वेगळंच आणि जास्त गंभीर.

तेल गरम असताना स्वच्छ भांड्यात काढा, पांढऱ्या कापडातून गाळा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. न चिकटणारा सोनेरी चुरा बहुधा बुशचा (बेअरिंगचं काम करणाऱ्या धातूच्या नळीचा), आणि जड ठोक्याशी तो जुळतो. तेल तीन बाटल्यांत सीलबंद करा, सीलवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. सोबत तेलाच्या पातळीची नोंद आणि पेट्रोलची बिलं जपा, कारण विक्रेता हमखास म्हणेल, 'तेलाविना पळवली.'

एवढं झालं की पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. मजकूर साधा ठेवा: 'अमुक तारखेला तुम्ही अमुक विधान केलं. त्यावर विसंबून मी गाडी घेतली. सोबतच्या अहवालानुसार ते विधान खोटं आहे. मी गाडी नाकारत असून ती परत नेऊन संपूर्ण रक्कम १५ दिवसांत द्यावी. अन्यथा अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी इंजिन तज्ज्ञासमोर खोललं जाईल. हजर राहावं.' तो आला नाही तरी त्याला संधी दिली, याची नोंद राहते.

खोलताना पूर्ण चित्रण करा. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नख फिरवून पाहा: झिजलेल्या बोअरला तिथे नखाला अडकणारी कड असते, नव्या बोअरला नसते आणि भिंतीवर होनिंगच्या (दगडाने घासून केलेल्या फिनिशच्या) तिरप्या जाळीदार रेषा दिसतात. मूळ बोअर ७० मिलिमीटरचा. नवीन बोअर केला असेल तर बहुधा ओव्हरसाइझ पिस्टन असेल आणि त्याच्या माथ्यावर मापाचा शिक्का सापडेल. बोअर वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी मोजून आकडे अहवालात घ्या.

उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता व्यापारी आहे आणि तुम्ही गाडी स्वतःसाठी घेतली, म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू. मुदत दोन वर्षे, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून त्या सीलबंद बाटल्या आणि सुटे भाग तसेच ठेवा. विक्रेता व्यावसायिक नसून एखादा हौशी मालक निघाला, तर हा मार्ग सहसा बंद. मग दिवाणी दावा, मुदत तीन वर्षे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते, पण सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. ते आधी करू नका.

राहिली आरसी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं, म्हणजे तुमच्याकडे साधारण नऊ दिवस आहेत. नोटीस त्याआधी गेली पाहिजे. मुदत संपत आली आणि उत्तर नसेल, तर फॉर्म २९ आणि ३० भरून अर्ज करा आणि विक्रेत्याला लेखी कळवा की हे केवळ कायद्याची मुदत पाळण्यासाठी आहे, गाडी स्वीकारल्याचं समजू नये. विम्याच्या बदलासाठी कलम १५७ ची १४ दिवसांची मुदत उलटली आहे, तो अर्ज उद्याच करा.