काळाराम मंदिराच्या ओवरीचे खांब वाइड लेन्सने वाकडे येतात, एआयने सरळ होतील का?

होतात, मी केलेत. कडेचे खांब पोट काढल्यासारखे बाहेर फुगतात ना, ते बॅरल डिस्टॉर्शन, लेन्समुळे येतं. डीप लर्निंगचं मॉडेल, म्हणजे ढीगभर फोटो दाखवून शिकवलेलं एआय, फोटो बघून कुठला पिक्सेल कुठे आणि किती सरकलाय याचा अंदाज बांधतं आणि मग चित्र उलट्या दिशेने ताणून सरळ करतं. शिकवताना चांगले सरळ फोटो कॉम्प्युटरवरच मुद्दाम वाकवतात, म्हणजे बरोबर उत्तर आधीच हातात असतं, मला ही युक्ती फार आवडते.

पण कॅमेरा तुमच्याकडेच असेल तर आधी बुद्धिबळाच्या पटासारखी प्रिंट पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा, त्याच झूमवर वेगवेगळ्या कोनांतून १५-२० फोटो काढा आणि ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत कॅलिब्रेशन करा, म्हणजे लेन्स नेमकी किती वाकवते ते मोजा, तिथे अंदाज नाही, मोजमाप असतं. एआय खरं कामाला येतं ते व्हॉट्सॅपवर आलेल्या किंवा जुन्या फोटोंना, ज्यांची लेन्सच माहीत नाही. आणि निकाल डोळ्यांनी तपासाच, माझ्या गोदाघाटावरच्या एका फोटोत मॉडेलने देवळाची मुळातली गोल कमानच चपटी करून टाकली होती. सरळ करताना फोटोच्या कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच बाजूला जागा सोडा.