मोसमाला कलाटणी देणारा सामना खेळ चालू असतानाच ओळखता येतो का? आर्सेनलच्या २००३-०४ च्या अपराजित मोसमात (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे 'लीग'मध्ये, ते एकही सामना हरले नाहीत) तो कोणता होता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ९ एप्रिल २००४, हायबरी (आर्सेनलचं तेव्हाचं घरचं मैदान), आर्सेनल ४, लिव्हरपूल २. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावरची, ओल्ड ट्रॅफर्डची ती हुकलेली पेनल्टी नव्हे. इथल्या बहुतेक उत्तरांत पेनल्टीच दिसतेय, म्हणून लिहायला बसलो.

हा सामना समजून घ्यायचा तर त्याआधीचा आठवडा माहीत हवा. ३ एप्रिलला एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात युनायटेडने १-० ने हरवलं, गोल स्कोल्सचा. ६ तारखेला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीने हायबरीवर येऊन २-१ ने बाहेर काढलं. वेन ब्रिजचा तो गोल शेवटच्या काही मिनिटांतला. चार दिवसांत दोन स्पर्धा हातच्या गेल्या. त्याच्या आदल्या मोसमात आर्सेनलने मोठी आघाडी घालवून लीग युनायटेडच्या हाती दिली होती, ती जखम अजून ओली होती. आणि तीनच दिवसांनी समोर लिव्हरपूल.

गुड फ्रायडेची सुट्टी होती. सामना मी मामेभावाबरोबर पाहत होतो. दादा युनायटेडचा कट्टर चाहता, त्यात सहा दिवसांपूर्वीच त्याच्या संघाने आम्हाला हरवलेलं. पाचव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या हायपियाने गोल केला. पिरेसच्या पासवर आमच्या हेन्रीने बरोबरी साधली, पण मध्यंतराच्या थोडं आधी जेरार्डच्या पासवर ओवेनने लिव्हरपूलला पुन्हा आघाडी दिली. मध्यंतराला दादा एवढंच म्हणाला, "गेल्या वर्षीसारखंच होणार बघ." मी काही बोललो नाही. मलाही तेच वाटत होतं. टीव्हीवरून हायबरीची शांतता ऐकू येत होती, लोक चिडलेलेसुद्धा वाटत नव्हते.

मग ४९व्या मिनिटाला ल्युंगबर्गने पुढे दिलेल्या चेंडूवर पिरेसने गोल केला, आणि पुढच्याच मिनिटाला हेन्रीचा तो गोल. त्याने मैदानाच्या मधल्या भागात चेंडू घेतला, हामानला मागे टाकलं, कॅरागरला असा चकवला की तो आपल्याच बिश्चानवर जाऊन आदळला, आणि गोलरक्षक डुडेकच्या बाजूने चेंडू शांतपणे जाळ्यात सरकवला. आमच्या घरात मी किंचाळलो ते शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. हेन्रीने इतर मोसमांत याहून देखणे गोल केले असतील, याहून गरजेचा एकही केला नाही. थकलेला, दोनदा मार खाल्लेला संघ दोन मिनिटांत उठून उभा राहिला. ७८व्या मिनिटाला हेन्रीची हॅट्ट्रिक झाली तेव्हा सामना संपल्यातच जमा होता.

पुढे न्यूकॅसलशी ०-०, मग लीड्सला ५-०, त्यातले चार हेन्रीचे. २५ एप्रिलला टॉटनहॅमच्या मैदानावर २-२ आणि तिथेच लीग जिंकली. मोसमाअखेर २६ विजय, १२ बरोबरी, ९० गुण.

दादाने त्या दिवशी काही मान्य केलं नाही, आजही करत नाही. त्याचा मुद्दा ठरलेला: २१ सप्टेंबर २००३, ओल्ड ट्रॅफर्ड, विएरा लाल कार्ड घेऊन बाहेर, भरपाईच्या वेळेत युनायटेडच्या व्हॅन निस्टेलरॉयची पेनल्टी बारवर (गोलच्या आडव्या दांड्यावर). "ती आत गेली असती तर तुमचं अपराजित कुठलं?" बरोबर, अपराजित हे नाव गेलं असतं. पण तो मोसमातला सहावा सामना होता. सप्टेंबरात एक सामना हरून लीग जात नाही. शिवाय कलाटणी म्हणजे संघाने स्वतः काहीतरी केलेलं असावं. समोरच्याचा फटका बारवर लागला ही कलाटणी नव्हे, ते नशीब. त्याच निस्टेलरॉयने २४ ऑक्टोबर २००४ ला त्याच मैदानावर पेनल्टीवर गोल केला आणि लीगमधली ४९ अपराजित सामन्यांची मालिका संपली, तेव्हा दादा नशिबाचं नाव काढत नव्हता.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझ्या मते ओळखता येतो, पण तुम्ही त्या संघाचे असाल तरच. बाहेरच्याला तक्ता दिसतो, चाहत्याला भीती दिसते. ज्या सामन्यात ती भीती सगळ्यात मोठी असते आणि खेळाडू तिच्यावर मात करतात, तोच सामना. म्हणून गुणतक्ता उलटा वाचून असा सामना शोधू नका, त्या आठवड्यात संघ कुठल्या अवस्थेत होता ते आधी बघा.

हे मात्र मान्य करायला हवं की प्रत्येक मोसमात असा सामना असतोच असं नाही. आणि फक्त अपराजित राहण्याचाच विचार केला तर शेवटच्या दिवशीचा लेस्टरविरुद्धचा सामनाही मोजावा लागेल, तिथेही मध्यंतराला आर्सेनल ०-१ ने मागे होतं. पोर्ट्समथविरुद्ध पिरेसला मिळालेली पेनल्टी वादग्रस्त होती, हेही खरं. पण त्या दोन्ही वेळी लीग पणाला लागलेली नव्हती. ९ एप्रिलला होती. कुणी पुन्हा त्या बारचा विषय काढला तर त्याला सांगा, ४९वं आणि ५०वं मिनिट सलग बघ आणि मग बोल. दादालाही मी हेच उत्तर पाठवणार आहे.