सिंगल कॅमच्या इंजिनात स्पार्क प्लग मधोमध न बसवता बाजूला तिरका का असतो?

जागा नसते म्हणून. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, बरोबर मधल्या रेषेवर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा, हाच तो कॅम) आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे रॉकर बसलेले असतात. एका बाजूला कॅम फिरवणाऱ्या चेनचा बोगदा. मग प्लग उरलेल्या बाजूने तिरका आत घालतात. डबल कॅममध्ये दोन शाफ्टच्या मधली जागा मोकळी मिळते, तिथे प्लग सरळ उभा राहतो.

फरक पडतो तो ज्वाळेच्या प्रवासात. कडेला पेटलेल्या ज्वाळेला पलीकडच्या भिंतीपर्यंत लांब जावं लागतं, म्हणून स्पार्क थोडा आधी द्यावा लागतो आणि लोड आला की दूरच्या कोपऱ्यात नॉकिंगचा (ज्वाळा पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो. बजाजने 2003 मध्ये पल्सरला दुसरा प्लग दिला तो यासाठीच. मला तो उपाय फार आवडतो: कॅम एकच ठेवून ज्वाळेचं अंतर कमी केलं. शिवाय सिंगल कॅम म्हणजे मधला प्लग अशक्य, असंही नाही. चार व्हॉल्व्हच्या काही हेडमध्ये रॉकरांमधून नळी काढून तो मध्याजवळ आणतात.

आता आपल्या कोकणातलं. प्लगभोवतीच्या खळग्यात पावसाचं पाणी आणि किनाऱ्यावरची रेती साठते. काही हेडना पाणी निघायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की गाडी मिसफायर करते, म्हणजे मधूनच पेट चुकतो. तारेने मोकळं करा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचे आटे घट्ट अडकून बसतात, तेव्हा इंजिन थंड झाल्यावरच, आधी हवा मारून रेती उडवून, मग पाना लावा. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा, नाहीतर तिरका चढून हेडचे आटे जातील.