स्पॅनिशमध्ये ‘तू’ला आज्ञा करताना होकारार्थी आणि नकारार्थी रूपे वेगळी का असतात? ती आठ अनियमित रूपे पाठच करावी लागतात का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतेच. परंतु ‘बोस या सर्वनामाची आज्ञार्थी रूपे अशुद्ध आहेत, ती सोडून द्या, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले’ हे जे वाक्य आपण प्रश्नाखाली जाता जाता लिहिले आहे, ते वाचून मला गप्प बसवले नाही. (‘बोस’ म्हणजे अर्जेंटिनासारख्या देशांत ‘तू’ऐवजी वापरले जाणारे सर्वनाम.)

आधी व्याकरण. वर्तमानकाळ आपल्याला येतो असे धरून चालते. ‘तो बोलतो’ या अर्थाचे जे ‘आब्ला’, तेच रूप ‘तू’साठी आज्ञार्थ म्हणून चालते; तसेच कोमे (खा), एस्क्रीबे (लिही). धातूतला स्वर बदलत असेल तर तो बदलही कायम राहतो: सिएर्रा (बंद कर), बुएल्बे (परत ये), पीदे (माग). नकारात मात्र सुबखुंतीबो, म्हणजे इच्छा, शंका अशा अर्थांसाठी असलेले क्रियापदाचे वेगळे रूप, येतो: नो आब्लेस, नो कोमास, नो एस्क्रीबास. होकारार्थी रूप लॅटिनच्या मूळ आज्ञार्थातून उतरले आहे आणि मनाई करण्याचे काम सुबखुंतीबोकडे गेले आहे, म्हणून दोन्हींची घडण वेगळी. मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे काही कारण नाही. आपण ‘बस’ म्हणतो, पण ‘बस नको’ म्हणत नाही, ‘बसू नकोस’ म्हणतो. होकाराला नुसता धातू पुरतो आणि नकाराला त्याचे रूप बदलावे लागते. पहिलीतले मूलसुद्धा हे न चुकता करते. इंग्रजीचे बोट धरून शिकवणारे वर्ग या साध्या गोष्टीचा विनाकारण बाऊ करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीच गोष्ट ‘स्पेलिंग बदलणाऱ्या’ क्रियापदांची. तोकार (स्पर्श करणे) याचे नो तोकेस आणि पागार (पैसे देणे) याचे नो पागेस होताना रोमन अक्षरे बदलतात, म्हणून त्यांची वेगळी यादी घोकायला लावतात. देवनागरीत लिहून पाहा: क हा क राहतो आणि ग हा ग राहतो. कानाला ही रूपे पूर्णपणे नियमित आहेत.

आता ती आठ रूपे: दी, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन. त्यांतील सहांना एक किल्ली आहे. ‘मी ठेवतो’ म्हणजे पोंगो, त्यातला ‘गो’ काढला की पोन. तेंगोचे तेन (बाळग), बेंगोचे बेन (ये), साल्गोचे साल (बाहेर नीघ), दीगोचे दी (सांग), आणि आगोचे ‘आ’ला स जोडून आस (कर). याच ‘गो’च्या रूपावरून नकारही बनतो: नो पोंगास, नो तेंगास, नो दीगास. उरलेली दोन, म्हणजे ‘हो’ या अर्थाचे ‘से’ आणि ‘जा’ या अर्थाचे ‘बे’, त्यांच्या नो सेआस आणि नो बायास या नकारांसह पाठ करावीत.

खरे तर ज्या रूपांना आपले शिक्षक अशुद्ध म्हणतात, त्यांच्यात ही अडचण जवळजवळ उरतच नाही. मी ती रूपे पुस्तकातून शिकले नाही. खाद्यतेल आयात करणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी मी काही महिने अर्जेंटिनातील रोसारिओ या शहरात होते. पाराना नदीकाठच्या त्या पट्ट्यातून सोयाबीनचे तेल भारतात येते, आणि मी स्वतः अमरावतीकडची, सोयाबीनच्याच मुलखातली. राहण्याची सोय एका वयस्कर बाईंच्या घरी होती. पहिल्या दिवशी मी त्यांना अदबीने ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’, म्हणाले, तर त्यांनी लगेच सांगितले, ‘त्रातामे दे बोस’, म्हणजे मला ‘बोस’ म्हणत जा. पुढचा सगळा आज्ञार्थ मी त्यांच्या स्वयंपाकघरात ‘माते’ करता करता शिकले; माते म्हणजे शेर्बा नावाच्या पानांचे तिकडचे गरम पेय. ‘पोने ला पाबा’, किटली ठेव. ‘नो ला देखेस एर्बीर’, तिला उकळी येऊ देऊ नकोस. तुंब्यात शेर्बाची पाने भरून तो किंचित तिरपा धरायचा, खोलगट झालेल्या बाजूला आधी कोमट पाणी सोडायचे, तिथेच धातूची नळी रोवायची आणि मग ती अजिबात हलवायची नाही. मी चहाच्या सवयीने ढवळायला गेले की ‘नो लो रेबुएल्बास!’ पाणी बेताचे गरम झाले की ‘बेनी, सेन्ताते, तोमा’: ये, बस, घे. त्यात हुकूम नव्हता, माया होती. आपल्याकडे मावशी ‘ये गं, बस, घे’ म्हणते त्याच सुरातली.

नियम इतकाच आहे की मूळ क्रियापदातला शेवटचा ‘र’ काढून टाकायचा आणि जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा. पोनेरचे पोने, देसीरचे देसी, बेनीरचे बेनी, तेनेरचे तेने, सालीरचे साली, आसेरचे आसे. सेरचे ‘से’सुद्धा याच नियमात बसते. स्वरही बदलत नाही: सेर्रा, बोल्बे, पेदी. आपली आठ अनियमित रूपे इथे एकावर येतात. ती एक म्हणजे ‘जा’; तिच्यासाठी ‘आन्दा’ हे दुसऱ्याच क्रियापदाचे रूप वापरतात.

परत आल्यावर प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मी पुण्यातील एका वर्गात नाव घातले. मित्राला एखादी कृती आज्ञार्थात समजावून सांगा, असा गृहपाठ होता. मी मातेची कृती लिहिली, रोसारिओत ऐकली तशी. शिक्षकांनी प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ ओढली आणि सगळ्या वर्गासमोर सांगितले की ही खेडवळ बोली आहे, व्याकरण नव्हे. मी विचारले की एक अख्खा देश शाळेत, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात जे बोलतो आणि लिहितो, ते खेडवळ कसे? त्यावर उत्तर मिळाले नाही. विदर्भातून पुण्यात आलेल्या माणसाला हा सूर परिचयाचा असतो. आमच्याकडे आत्ता करायचे असेल तर ‘ये’ आणि पुढे कधी करायचे असेल तर ‘येजो’ असा आज्ञार्थातच बारीक भेद आहे. प्रमाण मराठीत तो इतक्या सुटसुटीतपणे करता येत नाही, तरीही हसे ‘येजो’चेच होते.

त्या शिक्षकांना तेव्हा मला जे सांगायचे होते ते आता आपल्याला सांगते. ‘बोस’ची रूपे बिघडलेली नाहीत, जुनी आहेत. लॅटिन ‘कान्ताते’चे स्पॅनिशमध्ये ‘कान्ताद’ झाले आणि त्याचा शेवटचा ‘द’ गळून शेवटी जोर असलेले ‘कान्ता’ उरले. सोळाव्या शतकात स्पेनहून अमेरिकेत गेलेली माणसे ‘बोस’ हे सर्वनाम बरोबर घेऊन गेली. पुढे स्पेनने ते टाकले, ला प्लाता नदीच्या परिसराने आणि मध्य अमेरिकेतील बऱ्याच भागाने ठेवले. अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने 1982 साली या रूपांना सुशिक्षितांची भाषा म्हणून मान्यता दिली. माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही रूपावलीच्या तक्त्यांत ‘तू’ आणि ‘बोस’ यांचे आज्ञार्थ शेजारी शेजारी छापलेले असतात. सिएले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या भाषाप्रसार संस्थेच्या बरोबरीने ब्युनॉस आयर्स विद्यापीठ आहे. विद्यार्थ्याला ‘तू’ आधी शिकवावा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘बोस’ नाहीच किंवा अशुद्ध आहे असे सांगणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे, आणि ते मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मेक्सिको आणि स्पेनमध्ये ‘तू’च वापरा, बोगोतात तर घरातल्या घरातही ‘उस्तेद’ पुष्कळ ऐकू येते. मध्य अमेरिकेत ‘बोस’च्या नकाराचा जोरही शेवटच्या अक्षरावर जातो, तर रोसारिओच्या बाजूला नेहमीच्या बोलण्यात ‘तू’चाच नकार चालतो. होकारात सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटते आणि नकारात वेगळे होऊन पुढे येते: दीमेलो (ते मला सांग), पण नो मे लो दीगास; ‘बोस’मध्ये दीमेलोच्या जागी देसीमेलो. स्पेनमधील अनेकवचन आब्लाद असे होते आणि ‘बसा’ म्हणताना त्यातला ‘द’ गळून सेन्ताओस उरते. अमेरिका खंडातील देशांत त्या जागी ‘उस्तेदेस’ (‘उस्तेद’चे अनेकवचन) वापरतात, तेव्हा आपल्याला ते सध्या बाजूला ठेवता येईल. परीक्षेत ‘बोस’ लिहायचे असेल तर पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत तेच लिहा. एका ओळीत ‘पोन’ आणि पुढच्या ओळीत ‘बेनी’ अशी सरमिसळ झाली, तर परीक्षकाने गुण कापणे योग्यच ठरेल.